पोलंडमधली ईस्टरची टोपली: श्व्येंत्सोंका

सांडोरची_लेक | पवित्र शनिवार, दुपारी ४:१०

पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, दिवसा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नसते. वेदीवरचं कापड, मेणबत्त्या, फुलं, सगळं गुरुवारी रात्रीच काढून ठेवलेलं असतं. तरी पोलंडमध्ये या दिवशी सकाळपासून चर्चच्या आवारात एवढी ये-जा असते की रविवारच्या मिस्सालाही एरवी तेवढी दिसत नाही. म्हातारे, कॉलेजातली मुलं, बाबागाडी ढकलणारे बाप, सगळ्यांच्या हातात विणलेली टोपली आणि टोपलीवर पांढराशुभ्र रुमाल.

मी मूळची वसईची, आता क्राकूवच्या नोव्हा हुता भागात राहते. झावळ्यांचा रविवार, पाय धुण्याचा विधी, क्रुसाची वाट हे लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे. अन्नाची टोपली घेऊन चर्चला जाणं मात्र आमच्या धर्मग्रामात मी कधी पाहिलं नव्हतं. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर वर्षी या टोपल्यांचे फोटो येतात आणि खाली बदामांचा पाऊस पडतो. टोपली देखणी असते यात वादच नाही. पण ती उपवास सोडण्याची टोपली आहे, हे कळल्याशिवाय तिच्यातली एकही वस्तू नीट कळत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

इथला ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास पूर्वी फार कडक असे. मांस तर नाहीच, लोणी, दूध, अंडी, चरबी हेही बंद. मग उरायचं काय? राय नावाच्या गव्हासारख्या धान्याच्या पिठाच्या आंबवणाचं झुर नावाचं पातळ सूप, खारवलेला हेरिंग मासा, जवसाचं तेल. लोक इतके कंटाळत की उपवास संपताना कित्येक गावांत झुरचं मडकं फोडून टाकत आणि हेरिंग झाडाला टांगत. वसंतात कोंबड्या अंडी घालतच असत आणि ती साठत. आता टोपलीत काय असतं ते बघा: उकडलेली अंडी, लोणी, हॅम, सॉसेज, अंडी-लोण्याने जड झालेला बाब्का केक. जे जे सोडलं होतं नेमकं तेच परत घरात येतं, आणि तोंडात घालण्याआधी देवासमोर नेलं जातं.

त्याशिवाय ब्रेड, मीठ, मिरी आणि हॉर्सरॅडिश. हे हॉर्सरॅडिश म्हणजे एक पांढरं तिखट मूळ. किसलं की थेट नाकात चढतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी ते खिडकी उघडी टाकून, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत किसतात. बाटलीतलं तयार मिळतं, पण त्यांना ते चालत नाही. ख्रिस्ताच्या दुःखाचा कडवटपणा म्हणून ते टोपलीत जातं, आणि दुसऱ्या दिवशी हॅमबरोबर चवीने खाल्लंही जातं.

टोपलीच्या मधोमध कोकरू, लोण्याचं नाहीतर साखरेचं. आजींकडे जुना लाकडी साचा आहे, दोन फाळक्यांचा. तो आधी गार पाण्यात भिजत ठेवतात म्हणजे लोणी चिकटत नाही. मऊ लोणी अंगठ्याने कोपऱ्याकोपऱ्यांत दाबून बसवायचं, वर थोडं जास्तच ठेवायचं, फाळकी जुळवून घट्ट बांधायची आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. साचा उघडला की लोकरीचे वळसे उमटलेले दिसतात. डोळ्यांना दोन मिरे, पाठीला टोचलेली लाल कागदाची पताका. मग टोपलीच्या कडेने बॉक्सवुडच्या हिरव्या डहाळ्या.

अंडी रंगवायची पद्धत प्रत्येक भागाची निराळी. कुठे मेणाने नक्षी काढून रंगात बुडवतात. ओपोलेकडे आधी रंगवून मग टोकदार सुरीने रंग खरवडतात आणि फुलं-पानं काढतात, ते काम तासन्‌तास चालतं. घरोघरी सर्वांत सोपा प्रकार म्हणजे कांद्याची सालं पाण्यात उकळून त्यातच अंडी उकडायची. विटकरी-तपकिरी सुरेख रंग येतो.

चर्चमध्ये विधी पाच-दहा मिनिटांचाच. आवारात लांब टेबलं मांडलेली असतात. टोपल्या ओळीने ठेवायच्या, रुमाल बाजूला करायचे. फादर तीन प्रार्थना म्हणतात: एक ब्रेडवर, एक मांसावर, एक अंड्यांवर. ब्रेडच्या प्रार्थनेत रानात जमावाला जेवू घालणारा ख्रिस्त आठवायचा, मांसाच्या प्रार्थनेत ज्यूंच्या वल्हांडण सणाचं कोकरू, अंड्यांच्या प्रार्थनेत नवं जीवन. मग ओळीने फिरत पवित्र पाणी शिंपडतात, तेही हात राखून नाही. पोरं मुद्दाम पुढे येऊन उभी राहतात. थोड्या वेळाने पुढची खेप, पुन्हा टेबलं भरतात. परतताना आत जाऊन ख्रिस्ताच्या कबरेच्या देखाव्यापुढे गुडघे टेकायचे. तिथे बऱ्याच ठिकाणी गावचे अग्निशमन दलाचे जवान शिरस्त्राण घालून पहारा देत उभे असतात.

मी जाते ते चर्च बिएन्चित्सेचं, 'अर्का पाना', म्हणजे प्रभूचं तारू. नोव्हा हुता हे १९४९ पासून पोलादाच्या कारखान्याभोवती वसवलेलं समाजवादी शहर. आराखड्यात चर्चला जागाच नव्हती. पुढे एक जागा मंजूर झाली, तिथे लोकांनी क्रूस उभा केला, आणि मंजुरी मागे घेतली गेली. १९६० च्या एप्रिलमध्ये तो क्रूस काढायला माणसं आली तेव्हा आधी बायका आडव्या आल्या, मग पाळी संपवून आलेले कामगार. पोलिसांशी मोठी झटापट झाली. अर्का पानाचं बांधकाम १९६७ मध्ये सुरू झालं आणि १९७७ मध्ये कार्डिनल कारोल वोयतिवा यांनी चर्चचा अभिषेक केला. पुढच्याच वर्षी ते पोप जॉन पॉल दुसरे झाले. भिंतींना बाहेरून नदीतले गोटे बसवलेले आहेत. त्या भिंतीशी टोपली घेऊन रांगेत उभं राहताना मला हा सगळा इतिहास आठवतो.

आंबेमोहर | दुपारी ४:५५

फार सुंदर लिहिलंय ताई. दोन प्रश्न. आशीर्वाद झाल्यावर लगेच खातात का? आणि शाकाहारी माणसाने टोपलीत काय ठेवायचं?

सांडोरची_लेक | संध्याकाळी ५:२०

लगेच नाही. टोपली घरी आणून झाकून ठेवायची, ती उघडते रविवारच्या न्याहारीला. शुभ शुक्रवार तर कडकच असतो, पण शनिवारीही बरीच घरं मांस शिवत नाहीत. पोरं सॉसेजच्या वासाने टोपलीभोवती घुटमळतात आणि आज्या त्यांना हाकलतात.

शाकाहारी लोक ब्रेड, मीठ, अंडी, लोणी, चीज, केक ठेवतात. अमुक नसेल तर आशीर्वाद मिळत नाही असा काही नियम नाही.

जुनी_पोथी | संध्याकाळी ६:०२

लेखात थोडी भर घालतो.

ईस्टरच्या कोकराला, ब्रेडला, अंड्यांना आशीर्वाद देण्याच्या वेगवेगळ्या प्रार्थना १६१४ च्या रोमन विधिग्रंथात आहेत. त्याआधीही त्या चालत होत्याच. म्हणजे ही काही पोलंडची एकट्याची गोष्ट नाही, पोलंडने ती जीव लावून सांभाळली एवढंच. पूर्वी जमीनदारांच्या वाड्यांवर फादर स्वतः जात आणि अख्खं मेजवानीचं टेबल आशीर्वादित करत. गावकरी आपापलं अन्न घेऊन वाड्यासमोर किंवा गावातल्या क्रुसापाशी जमत. पुढे अन्न चर्चमध्ये न्यायचं ठरल्यावर टेबलाची टोपली झाली. आज आपण बघतो तो सगळ्या मेजवानीचा नमुना आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. शनिवारी आशीर्वाद आणि खायचं मात्र रविवारी, हे आज जरा विचित्र वाटतं. पण १९१७ च्या चर्चच्या कायद्याप्रमाणे चाळीस दिवसांचा उपवास पवित्र शनिवारी दुपारी बारालाच संपत असे, आणि पुनरुत्थानाचा जागरणविधीही तेव्हा शनिवारी सकाळी उरकला जाई. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये पवित्र आठवड्याचे विधी सुधारले, जागरणविधी पुन्हा रात्री नेला. तो रात्री गेला तरी टोपली दिवसाच राहिली.

तर्कवाट | संध्याकाळी ६:३०

अंडं आणि वसंत ऋतू यांचं नातं ख्रिस्ती धर्माच्या आधीपासूनचं आहे. चर्चने लोकांची जुनी पद्धत उचलली आणि तिला नवा अर्थ दिला, असंच याकडे बघायला हवं ना?

सांडोरची_लेक | संध्याकाळी ६:५५

अंडं जुनं आहे, मान्यच. पण टोपलीकडे बघताना वल्हांडणाचं ताट विसरून चालणार नाही. ज्यूंच्या सेडरच्या (वल्हांडणाच्या रात्रीच्या जेवणाच्या) ताटात भाजलेलं अंडं असतं, कोकराच्या आठवणीचं हाड असतं, कडू भाजी असते, आणि पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत ती कडू भाजी म्हणजे बहुतेक वेळा हॉर्सरॅडिशच. येशूचं शेवटचं भोजन पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे वल्हांडणाचंच होतं. क्राकूवमध्ये काझिमिएश हा जुना ज्यू मोहल्ला आणि कॅथलिक चर्चं एकमेकांना लागून आहेत. शतकानुशतकं एकाच बाजारातून तेच मूळ विकत घेऊन दोन्ही घरांत किसलं गेलं असेल. नवा अर्थ दिला असं म्हणताना तो अर्थ कुठून आला हेही बघायला हवं. मांसावरच्या प्रार्थनेत वल्हांडणाचं कोकरू येतं ते उगीच नाही.

ल्युब्ल्यानाकर | संध्याकाळी ७:१५

स्लोव्हेनियातही हेच आहे, त्याला इथे झेगेन म्हणतात. इथे प्रत्येक पदार्थाला ख्रिस्ताच्या दुःखसहनातली एकेक खूण दिलेली आहे. हॅम म्हणजे त्याचं शरीर, हॉर्सरॅडिशची मुळं म्हणजे खिळे, सॉसेज म्हणजे बांधलेले दोर, लाल अंडी म्हणजे रक्ताचे थेंब, आणि अक्रोडाची गोल पोतित्सा म्हणजे काटेरी मुकुट. पूर्वी बायका हे सगळं येर्बास नावाच्या गोल टोपलीत भरून डोक्यावर न्यायच्या, डोक्यावर चुंबळ आणि टोपलीवर भरतकाम केलेलं कापड. जुन्या फोटोंत ती चुंबळ दिसली की मला एकदम घरच्यासारखं वाटतं.

शनिवारी पहाटे चर्चसमोर विस्तव पेटवून आशीर्वादित करतात. झाडावर वाढणारी वाळकी अळंबी त्यावर पेटवून तारेला बांधायची आणि झुलवत झुलवत घरोघर न्यायची, हे पोरांचं काम. त्या विस्तवाने चूल पेटवून त्यावर हॅम शिजवायचं. खेड्यांत अजूनही दिसतं. पोरांना त्याबद्दल थोडे पैसेही मिळतात.

पंचगंगाकाठ | रात्री ८:०५

पोलंडचा विषय आणि कोल्हापूर नाही असं कसं होईल! १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. जवळपास पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत फौजांनी त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेलं होतं. तिथून सुटका झाल्यावर ती इराणमार्गे इकडे आली. वळिवड्यात कौलारू बराकींचं एक पोलिश गावच उभं राहिलं: शाळा, दवाखाना, स्काउटची पथकं, आणि त्यांचं स्वतःचं चर्च. त्याआधी जामनगरजवळ बालाचडीत जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना आसरा दिला होता, ते आपल्याला जास्त माहीत असतं. कोल्हापुरात महावीर उद्यानात या मंडळींचं स्मारक आहे, आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरचं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले तेव्हा ते बातम्यांत आलं होतं.

ताईंचा लेख वाचताना तीच माणसं डोळ्यांसमोर आली. घर गेलं, थंडीत-उपासमारीत जवळची माणसं गेली, आणि ईस्टर आला तो कोल्हापूरच्या उन्हाळ्यात. तिकडून कोल्हापूर बघायला पाहुणे आले की मी त्यांना महावीर उद्यानात आवर्जून नेतो.

सांडोरची_लेक | रात्री ८:२०

दादा, अंगावर काटा आला. वळिवड्याबद्दल वेगळा धागा काढाच. माझ्या इथल्या सहकाऱ्यांना कोल्हापूर हे नाव माहीत असतं, आणि त्याचं कारण हे आहे.

मुक्काम_बफेलो | रात्री ९:१०

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत पोलिश वस्ती जुनी आहे. इथल्या ब्रॉडवे मार्केटमध्ये ईस्टरच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. मालचेव्स्कींचं लोण्याचं कोकरू तर इथली ओळखच. आता पोलिश नसलेली घरंही ते आणतात. आणि ईस्टरच्या सोमवारी डिंगस डेची मिरवणूक! एकमेकांवर पाणी उडवायचं, धमाल असते.

तिखटमीठ | रात्री ९:४०

ताई, मी व्रोत्सवाफमध्ये राहतो. तुमची तळमळ कळते, पण माझं निरीक्षण वेगळं आहे. इथे माझ्या ऑफिसातले निम्मे लोक वर्षभर चर्चला जात नाहीत, उपवास तर नाहीच. पण टोपली मात्र हवी! त्यात चॉकलेटचा ससा, चॉकलेटची अंडी. काही फादरही प्रवचनात म्हणतात की गुरुवार, शुक्रवार आणि जागरणविधी सोडून लोक फक्त टोपलीला येतात. उपवासच उरला नसेल तर उपवास सोडण्याच्या टोपलीला अर्थ काय राहिला?

सांडोरची_लेक | रात्री १०:२५

मुद्दा रास्त आहे आणि तो मलाही टोचतो. चाळीस दिवस लोणी न खाल्लेल्या माणसाला ते लोण्याचं कोकरू कसं दिसत असेल, हे आपल्याला आता कळणं अवघडच आहे. म्हणून मी या वर्षी खरोखरच अंडी, लोणी सोडून पाहिलं, आणि माझं मत आहे की ज्याला जमेल त्याने करून पाहावं. टोपली भरताना हात वेगळे चालतात.

तरीही 'अर्थ काय राहिला' हे मला पटत नाही. चर्चमधली पाच मिनिटं म्हणजे टोपलीचा अर्धा प्रवास. उरलेला अर्धा रविवारी सकाळी असतो. सहा वाजता पुनरुत्थानाची मिस्सा, घंटा वाजत असतात, चर्चभोवती मिरवणूक. घरी आल्यावर टेबलावर पांढरं कापड. घरातलं मोठं माणूस आशीर्वादित अंडं सोलतं, त्याच्या फोडी करतं आणि बशी घेऊन एकेकाजवळ जातं. प्रत्येकाने एक फोड घ्यायची, एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या. नुसतं 'हॅपी ईस्टर' म्हणून सुटका नाही, त्या माणसाच्या नावाचं काहीतरी बोलावं लागतं: तुझी परीक्षा नीट जावो, तुझा गुडघा बरा होवो. भांडण झालेल्या दोन भावांनाही ती फोड एकाच बशीतून घ्यावी लागते. मी पाहिलंय, घास घशात अडकतो, पण घेतात. हे झाल्याशिवाय कोणी झुरेकच्या (त्याच झुर सूपच्या) वाडग्याला हात लावत नाही.

२०२० च्या ईस्टरला महामारीमुळे चर्चमध्ये पाचच माणसांना परवानगी होती आणि टोपल्यांचे विधी झाले नाहीत. तेव्हा बिशपांनी सांगितलं की घरातल्या कोणीतरी टेबलाशी उभं राहून आशीर्वादाची प्रार्थना म्हणावी. आमच्या इमारतीत लोकांनी तसंच केलं. ज्यांनी आयुष्यात मोठ्याने प्रार्थना म्हटली नव्हती अशा बाप्यांनीही मोबाईलवर बघून म्हटली.

माणूस वर्षातून एकदा टोपली घेऊन येतो, त्याला दारातून परत पाठवावं असं मला वाटत नाही. चॉकलेटचा ससा असला म्हणून काय, शेजारी मीठ-भाकर आहे ना.

जुनी_पोथी | रात्री १०:४०

मीठ-भाकर आवडलं. शिवाय आशीर्वादित अन्नाचा कण वाया घालवायचा नाही ही शिस्त अजून टिकून आहे. अंड्यांची टरफलंसुद्धा कचऱ्यात टाकत नाहीत. खेड्यांत शेतात किंवा बागेत पसरतात, नाहीतर चुलीत जाळतात.

उसाचारस | रात्री १०:५५

वसईत आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद. गोव्यातही ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त होतं. अन्न आधी देवाकडे न्यायचं आणि मग खायचं, यात पोलंडच्या आजी आणि आमची आजी एकच. ताईंना हे माहीत असणारच, बाकीच्यांसाठी लिहिलं.

आंबेमोहर | रात्री ११:०५

झुरेक कसं करतात तेही सांगा ना. आंबवणाचं म्हणताय म्हणजे आपल्या आंबिलीसारखं लागत असणार.

सांडोरची_लेक | रात्री ११:३०

जवळपास तसंच, फक्त लसणाचा झणका जास्त. राय धान्याचं जाडसर पीठ चार-पाच मोठे चमचे, कोमट पाणी अर्धा लिटर, ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, तमालपत्र, ऑलस्पाइसचे चार दाणे. काचेच्या बरणीत घालून फडकं बांधायचं, रोज एकदा ढवळायचं. चार-पाच दिवसांत छान आंबट वास येतो. मग सॉसेज उकळलेल्या पाण्यात (शाकाहारी असाल तर भाज्यांच्या पाण्यात) हे आंबवण हळूहळू ओतत घट्ट होईपर्यंत उकळायचं. शेवटी सुकी मरवाची पानं चुरडून, किसलेलं हॉर्सरॅडिश, थोडं क्रीम. वाढताना उकडलेलं अंडं चिरून घालायचं. रायचं पीठ मिळालं नाही तर नाचणीचं घालून बघा. आंबिलीचाच अनुभव आहे तेव्हा जमेल तुम्हाला.

नवी_पाखरं | रविवार, दुपारी १२:२०

ताई, आम्ही गेल्या महिन्यातच क्राकूवला आलोय, आम्ही हिंदू आहोत. आज उशिरा वाचलं नाहीतर गेलो असतो. पुढच्या वर्षी आम्ही टोपली घेऊन गेलो तर चालेल का? कोणी हरकत घेईल?

सांडोरची_लेक | रविवार, दुपारी २:१५

कोणी काही विचारत नाही, बिनधास्त या. चर्चच्या दारावर आणि संकेतस्थळावर आठवडाभर आधी वेळा लावतात. पहिल्या खेपेला गर्दी कमी असते. टोपली, पांढरा रुमाल, ब्रेड, मीठ आणि कांद्याच्या सालांत उकडलेली अंडी, एवढं पुरे. सालं आतापासूनच साठवायला लागा, बऱ्याच लागतात. लोण्याचं कोकरू दुकानात तयार मिळतं, पण साचा हवा असेल तर आमच्या आजींकडून मागून देईन. आणि उद्या सोमवार आहे, इथे पाणी उडवायचा दिवस. बाहेर पडलात तर मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.